दोरी पुन्हा ओढताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोपर दुखतं म्हणून कुणी रजा घेत नाही. ताप आला, पाठ धरली, पाय मुरगळला तर घरचे विचारपूस करतात. कोपराचं दुखणं मात्र बाहेरून दिसत नाही. सूज नसते, बोटं हलतात, हात वर जातो. आणि तरीही चहाचं पातेलं उचलताना हातातून सुटतं, कुलपात किल्ली फिरवताना कळ येते, कुणी प्रेमानं हात हातात घेतला तर डोळ्यांत पाणी उभं राहतं. अशा या दुखण्याबद्दल, आणि त्यातून उठून पुन्हा धनुष्य हातात घेण्याबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

मी नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. गेली सोळा वर्षं मुलांना तिरंदाजी शिकवतो आणि त्यांच्याबरोबर स्वतःही नेम धरतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्या डाव्या कोपराला, म्हणजे धनुष्य धरणाऱ्या हाताच्या कोपराला, हे दुखणं जडलं. जवळजवळ सात महिने मी बाण सोडला नाही. मी डॉक्टर नाही. पण या सात महिन्यांत डॉक्टरांकडून, फिजिओथेरपिस्टकडून आणि वाचनातून जे समजलं, ते अनेकांच्या उपयोगी पडेल असं वाटतं. कारण हे दुखणं फक्त खेळाडूंचं नाही.

याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. नाव खेळाचं असलं तरी हे दुखणं असलेल्या बहुतेकांनी आयुष्यात टेनिसची रॅकेट हातात धरलेली नसते. वैद्यकीय लिखाणात याचं वर्णन १८७३ मध्ये रुंगे नावाच्या जर्मन वैद्यानं केलं. १८८३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याला टेनिसचं नाव मिळालं आणि तेच चिकटलं. प्रौढ माणसांत शंभरात साधारण एक ते तिघांना हे होतं, आणि बहुतेक वेळा पस्तिशी ते पंचावन्नच्या दरम्यान. सुतार, गवंडी, हातानं धार काढणारे, कपडे पिळणाऱ्या बाया, ऊसतोड कामगार, दिवसभर संगणकाचा माऊस धरून बसणारे कारकून, सगळे या रांगेत आहेत.

नेमकं काय बिघडतं, ते पाहू. उजव्या हातानं डाव्या कोपराची बाहेरची बाजू चाचपा. तिथं हाडाचा एक उंचवटा लागेल. मनगट आणि बोटं वर उचलणारे स्नायू या उंचवट्याला बांधलेले असतात. स्नायू हाडाला ज्या पांढऱ्या, चिवट दोरीनं बांधलेला असतो तिला कंडरा म्हणतात. आता एक गंमत करून पाहा. एखादी वस्तू घट्ट मुठीत आवळा आणि दुसऱ्या हातानं कोपराखालचा भाग दाबून बघा. मूठ आवळताना बोटं मिटतात, म्हणजे काम आतल्या बाजूच्या स्नायूंचं. पण बाहेरचे स्नायूही टणक झालेले लागतील. मनगट खाली मुडपू नये म्हणून त्यांना मागून धरून ठेवावं लागतं. म्हणजे आपण जितक्या वेळा काहीतरी घट्ट धरतो, तितक्या वेळा कोपराच्या बाहेरच्या त्या दोरीला ताण बसतो.

पूर्वी समजूत होती की तिथं दाह होतो. पुढे शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर दिसलं की जुन्या दुखण्यात दाहाच्या पेशी फारशा नसतातच. कंडरेचे धागे विस्कटलेले असतात, त्यांची ओळ मोडलेली असते. धनुष्याची दोरी सोळा-अठरा बारीक धाग्यांची असते. वापरून वापरून त्यातले धागे विसविशीत झाले की आम्ही मेण लावतो, आणि अगदीच झिजली तर नवी दोरी चढवतो. शरीरात नवी दोरी चढवता येत नाही. तिथं आहे तीच दोरी आतून पुन्हा वळावी लागते. तिला रक्तपुरवठा कमी, म्हणून हे काम सावकाश चालतं. आठवड्यांत नव्हे, महिन्यांत. हे एकदा समजलं की रोजची चिडचिड बरीच कमी होते.

तिरंदाजीत हा ताण येतो कुठून? महाभारतातली एकलव्याच्या अंगठ्याची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या मनात आहे, त्यामुळे लोकांना वाटतं की दोरी अंगठ्यानं ओढतात. आज ऑलिंपिकमध्ये दिसणारं धनुष्य तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका या तीन बोटांनी ओढतात. अंगठा मोकळाच असतो. ही बोटं वाकवणारे स्नायू कोपराच्या आतल्या बाजूनं येतात, म्हणून ओढणाऱ्या हाताला बरेचदा आतल्या बाजूचं दुखणं होतं. दुसरा हात धनुष्याला पुढे रेटतो. उजवा हात जितक्या जोरानं मागे ओढतो, तितक्याच जोरानं डावा हात पुढे ढकलत असतो. त्यात धनुष्य मुठीत आवळलं तर कोपराच्या बाहेरच्या कंडरेवर भार पडतो. खरं तर धनुष्य आवळायचं नसतंच. ते अंगठ्याच्या मुळाच्या गादीवर टेकतं, बोटं सैल राहतात, आणि बाण सुटल्यावर धनुष्य पडू नये म्हणून बोटांना एक छोटी दोरी, स्लिंग, बांधलेली असते.

आणखी एक काम पाहणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. सोडलेले बाण लक्ष्यातून उपटावे लागतात. एका हातानं लक्ष्य दाबायचं, दुसऱ्यानं बाण घट्ट धरून पिळत ओढायचा. वर्गातल्या चौदा मुलांचे बाण रोज उपटले तर कोपराला तो स्वतंत्र व्यायामच होतो. बाण धरायला रबराची पकड मिळते. ती वापरली की मूठ एवढी आवळावी लागत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडाही चालतो.

आता भाराचा हिशेब. माझं धनुष्य ३६ पौंडांचं होतं. म्हणजे दोरी पूर्ण ओढली की बोटांवर साधारण १६ किलोचा भार. दिवसाला शंभर बाण सोडले तर बेरीज १,६०० किलोच्या वर जाते. हिशेब ढोबळ आहे, पण डोळे उघडणारा आहे. ऑलिंपिकला उतरणारे पुरुष तिरंदाज याहून जड धनुष्यं वापरतात आणि दिवसाला याच्या कितीतरी पट बाण सोडतात.

उपचारांकडे वळू. पहिला सल्ला बहुधा इंजेक्शनचा मिळतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतल्यावर थोड्याच दिवसांत बरं वाटतं, हे खरं आहे. म्हणूनच त्याचा मोह पडतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९८ रुग्णांचे तीन गट केले. एकाला इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी आणि तिसऱ्याला नुसतं ‘थांबा आणि पाहा’. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सर्वांत पुढे होते. वर्ष संपताना तेच सर्वांत मागे पडले. ज्यांना आधी गुण आला होता त्यांच्यातल्या दहापैकी सातांचं दुखणं उलटलं. फिजिओथेरपीचा गट सुरुवातीला थांबणाऱ्यांपेक्षा पुढे होता, पण वर्षअखेरीला दोघांत फारसा फरक उरला नाही. रुग्णाचंच रक्त घेऊन त्यातला प्लेटलेट्सचा भाग टोचण्याची पद्धत अलीकडे बरीच गाजली. २०२१ मध्ये ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या आढाव्यात तिचाही सांगण्याजोगा फायदा दिसला नाही. थोडक्यात, बहुतेकांचं हे दुखणं वर्षभरात उतरतं. पण ज्याला पुन्हा धनुष्य ओढायचं आहे, त्याला दुखणं उतरणं पुरत नाही. त्या कंडरेला पुन्हा भार पेलायला शिकवावं लागतं, आणि ते व्यायामानंच होतं.

माझे पहिले सहा आठवडे बिनहालचालीच्या व्यायामात गेले. हात टेबलावर पालथा ठेवायचा, मनगट वर उचलायचा प्रयत्न करायचा आणि दुसऱ्या हातानं तो दाबून धरायचा. तीस ते पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा. पुढे अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीनं सुरुवात. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली. दुसऱ्या हाताच्या मदतीनं बाटली वर घ्यायची आणि दुखऱ्या हातानं चार आकडे मोजत सावकाश खाली सोडायची. पंधरा वेळा, तीन फेऱ्या. अर्ध्या लिटरचा एक लिटर व्हायला मला महिना लागला. जोडीला पाठीचे आणि खांद्याच्या फऱ्याचे व्यायाम, कारण धनुष्य खरं ओढायचं ते पाठीनं. पाठ कामचुकार झाली की तिचं ओझं कोपरावर येतं.

किती दुखलं तर चालेल, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. मला दिलेला नियम सोपा होता. शून्य ते दहा अशी दुखण्याची पट्टी मनात धरायची. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर हरकत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाइतकंच किंवा कमी असलं पाहिजे. सकाळी वाढलेलं आढळलं तर एक पायरी खाली यायचं. अजिबात भार न देता कंडरा बळकट होत नाही, आणि दुखणं अंगावर काढून पुढे रेटलं तर ती पुन्हा विस्कटते. वाट या दोन्हींच्या मधून जाते.

मोठ्या खेळाडूंनाही ही वाट चुकलेली नाही. सचिन तेंडुलकर यांचं कोपर २००४ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्समधल्या स्पर्धेच्या वेळी दुखावलं, तेव्हा ‘टेनिस एल्बो’ हा शब्द महाराष्ट्रात घराघरांत पोचला. त्याच ऑक्टोबरात ते नागपूरच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरले. धावा झाल्या ८ आणि २. दुखणं हटलं नाही. २००५ च्या मेमध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. २५ ऑक्टोबर २००५ ला त्याच नागपुरात श्रीलंकेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात ते परतले आणि ९३ धावा केल्या. डिसेंबरात दिल्लीत पस्तिसावं कसोटी शतक झालं आणि सुनील गावसकर यांचा विक्रम मागे पडला. भालाफेकपटू नीरज चोप्रा यांच्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी ८७.८६ मीटर भाला फेकला आणि टोकियोचं तिकीट मिळवलं. ७ ऑगस्ट २०२१ चं सुवर्णपदक आपण सगळ्यांनी पाहिलं. या दोघांकडे उत्तम डॉक्टर होते, सोयी होत्या. तरीही महिने त्यांनाही मोजावेच लागले.

सातव्या महिन्याच्या अखेरीस मी धनुष्य उचललं ते ३६ पौंडांचं नव्हे. मुलांचं १६ पौंडांचं घेतलं. पहिल्या दिवशी वीस बाण. भाराची बेरीज १४५ किलो, म्हणजे पूर्वीच्या अकराव्या हिश्शाइतकी. लक्ष्यावर कागद लावला नव्हता. पाच पावलांवरून नुसत्या गवताच्या गंजीवर बाण सोडायचे. समोर वर्तुळं आणि गुण नसले की लक्ष हाताकडे राहतं. एक दिवस बाण, एक दिवस विश्रांती. आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. बाण वाढवले तर वजन तेच ठेवायचं; वजन दोन पौंडांनी वाढवलं तर बाण कमी करायचे; अंतर वाढवलं तर बाकी काही बदलायचं नाही. १६ वरून ३२ पौंडांवर यायला मला पाच महिने लागले. ३६ वर मी परत गेलो नाही. ३२ पौंडांत माझा बाण पन्नास मीटरवर नीट जातो, आणि मला तेवढं पुरतं.

या काळात मला सर्वांत जास्त त्रास दिला तो धसक्यानं. दुखणं उतरलं होतं, तरी दोरी ओढली की डावी मूठ आपोआप आवळली जाई. शरीर जुनी कळ विसरत नाही. ती येणार म्हणून आधीच घट्ट होतं, आणि त्या घट्टपणानंच पुन्हा भार येतो. यावर उपाय म्हणून, गंजीपासून दोन पावलांवर उभा राहून, शेजारी जाणत्या माणसाला उभं करून, मी डोळे मिटून बाण सोडले. बघायचं काही नसलं की बोटांची सैल पकड कळू लागते. तीन आठवड्यांत मूठ सुटली.

ज्यांना रिकर्व्ह धनुष्य पुन्हा पेलत नाही, त्यांना कंपाउंड धनुष्याचा मार्ग आहे. त्याला टोकांना चाकं असतात. दोरी पूर्ण मागे आली की भार बराच उतरतो. ५० पौंडांच्या धनुष्यात ऐंशी टक्के सूट असली तर धरून ठेवताना दहाच पौंड उरतात. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते याच प्रकारात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार आहे.

पालकांसाठी थोडं वेगळं सांगतो. वाढत्या वयात कोपराच्या हाडांची टोकं अजून कच्ची असतात. मुलाचं कोपर दुखत असेल तर त्याला टेनिस एल्बो समजून घरगुती उपाय करू नका, डॉक्टरांना दाखवा. जड धनुष्याची घाई नको. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव शालेय वयात नगरच्या क्रीडा प्रबोधिनीत होते, पुढे अमरावतीत शिकले आणि टोकियो व पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये खेळले. मजुरी करणाऱ्या घरातला मुलगा तिथवर जातो, त्यामागे कित्येक वर्षांची चढण असते. ती एका हंगामात चढायची नसते.

आता ज्या बाईमुळे मला हे सगळं बोलावंसं वाटलं, तिच्याबद्दल सांगतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आईवडील पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमाराला त्या माउली मुलीला आजीकडे ठेवायला आल्या, तेव्हा त्यांनी माझ्या कोपराचा पट्टा पाहिला आणि आपला उजवा हात पुढे केला. तेच ठिकाण, तीच कळ. मी त्यांना डॉक्टरांचा सल्ला सांगितला, पहिले सहा आठवडे विश्रांती. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही बाण खाली ठेवला. आम्ही कोयता कुठं ठेवायचा? उचल घेतलीय.”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात, प्रवरानगरला, उभा राहिला, त्याच जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतून माणसं कोयता घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या कोपराला विश्रांती लिहून देणं म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखं आहे. मग आम्ही दोघांनी, विश्रांती सोडून काय बदलता येईल, ते पाहिलं. कोयत्याची मूठ बारीक होती, म्हणून ती जास्त आवळावी लागे. तिच्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून जाड केली. तोडणी आणि मोळी बांधणं ही कामं नवराबायकोनं तासातासानं आलटून पालटून करायची. मोळी उचलताना तळवा वर आणि वजन अंगाजवळ. कोपराच्या खाली दोन बोटं सोडून पट्टा. आणि संध्याकाळी चूल पेटली की पाण्याच्या बाटलीचा तोच व्यायाम.

त्या हंगामात त्यांचं दुखणं गेलं नाही. पण चैत्रात परत आल्या तेव्हा भरलेली कळशी त्यांना उजव्या हातानं उचलता येत होती, जी दिवाळीत येत नव्हती. कारखान्यांच्या तळांवर, प्राथमिक आरोग्य केंद्रांत आठवड्यातून एक दिवस जरी फिजिओथेरपिस्ट आला, तर असे कितीतरी हात वाचतील. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. पाण्याची बाटली, एक टेबल आणि समजावून सांगणारं माणूस पुरतं.

शेवटी, कधी थांबायचं नाही तेही लक्षात ठेवा. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, कळ मानेतून उतरत असेल, कोपर अडकत असेल, सुजून गरम झालं असेल, ताप असेल किंवा एकदम काहीतरी तुटल्यासारखा आवाज होऊन हाताचं बळ गेलं असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून तडक डॉक्टरांकडे जा. बाकीच्यांनी आजच रात्री जेवणानंतर अर्ध्या लिटरची बाटली भरावी, हात टेबलावर ठेवावा आणि चार आकडे मोजत ती खाली सोडावी. पहिल्या आठवड्यात फरक दिसणार नाही. दुसऱ्यातही कदाचित नाही. तरी सोडू नका.